एक ते बारा नंबरची रागी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. कारण मी जे करून बसले ते कुठल्या शत्रूच्या बायकोनंसुद्धा करू नये!

आमचे हे कॉलेजात शिकवतात, आणि वर पीएचडीचा थीसिस लिहितात. लिहितात कसलं, फिरतात! शनिवार उजाडला की पाठीला पिशवी लावून बसस्टँडवर. आज या गावाला, पुढच्या वेळी त्या. इकडे कन्नड मुलखात, बोगादीच्या घरात मी आणि आमची दहा महिन्यांची पुट्टी. बस नीट गेली असेल का, हे वेळेवर जेवले असतील का, पुट्टी दोनदा का शिंकली, सगळ्या काळज्या माझ्याकडे. "ही शेवटची फेरी," असं हे प्रत्येक फेरीला म्हणायचे.

थीसिस कशावर आहे ते मी कधी विचारलं नाही. सातवी शिकलेली बाई काय विचारणार? आणि सांगायला हे घरात थांबायला तर पाहिजेत!

पण अधूनमधून येताना हे कापडी थैलीत पाव किलो रागी आणायचे. रागी म्हणजे तुमच्याकडची नाचणी हो. थैलीवर मोठा नंबर घातलेला. हातात देऊन म्हणायचे, "जपून ठेव. उंदीर लागता कामा नये."

अशातच पुट्टीचं वजन कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. डॉक्टर असं म्हणाले की घाबरायलाच पाहिजे, नाही का? शेजारच्या आंटी म्हणाल्या, "अय्यो, दुकानातली रागी नको गं! खेड्यातली आण. मोड काढ, वाळव, दळ आणि त्याची सरी, म्हणजे पातळ पेज, शिजवून घाल. पोर कशी टुणटुणीत होते बघ."

खेड्यातली? यांच्या थैल्या जपून ठेवलेल्या डब्याकडे मी बघितलं आणि माझे डोळेच भरून आले. लोकांचे नवरे प्रवासातून खेळणी आणतात. माझा नवरा लेकीसाठी गावोगावची रागी आणतो, आणि तोंडातून शब्द काढत नाही!

नंबर कशाला, तेही माझं मला कळलं. कुठली आधी भरवायची, कुठली नंतर! एक नंबर संपल्याशिवाय मी दोनला हात लावला नाही. शिस्त म्हणजे शिस्त. रिकाम्या थैल्यासुद्धा धुऊन, घडी घालून ठेवल्या.

पुट्टी गुबगुबीत झाली. हेच एकदा म्हणाले, "काय घालतेस गं हिला?"

मी लाजून म्हटलं, "तुम्ही आणता तेच."

यांचं लक्ष फोनमध्ये. "शाबास," म्हणाले.

मग एका शनिवारी यांचा फोन. "अगं, संपलं एकदाचं फिरणं! सोमवारी गाईड सर घरी येताहेत. बाराही थैल्या टेबलावर मांडून ठेव. माझी दोन वर्षांची धावपळ त्यात आहे."

"त्यात म्हणजे कशात?"

"रागीत! रागीवरच तर थीसिस आहे!"

मी फोन ठेवला आणि डबा उघडून बघितला. अकरा थैल्या पुट्टीच्या पोटात. बारावी ओल्या फडक्यात बांधलेली!

खरं सांगायला जीभ वळेना. पुट्टीला कडेवर घेतलं, बस धरली आणि देवराज मोहल्ल्यातलं होलसेल दुकान गाठलं. तीन किलो रागी मागितली. दुकानदार म्हणाला, "काय अम्मा, घरात फंक्शन?"

"हो," म्हटलं. "माझंच."

बारा थैल्या भरल्या, तोंडं बांधली. रागीसारखी रागी, कोण ओळखतंय?

सर ओळखतात! सोमवारी त्यांनी खिशातून भिंग काढलं. एक थैली बघितली, दोन बघितल्या, पाच बघितल्या. "काय हो, गावं बारा आणि रागी एकच? खडा नाही, काडी नाही!"

यांनी घाईघाईनं चार नंबर उघडली. "सर, ही... ही तर पांढरी रागी होती!"

सर थंडपणे म्हणाले, "मला एक सांगा. दर शनिवारी तुम्ही नेमके जात कुठे होता?"

यांचा चेहरा पांढरा पडला. उन्हातान्हात वणवण केलेला माणूस, आणि माझ्यापायी खोटा ठरणार? सर चपला घालायला लागले, तेव्हा मात्र मला राहवेना.

"सर, हे जातच होते! पांढरी संपली हो! पुट्टीला तीच जास्त आवडायची!"

सरांनी पुट्टीकडे बघितलं. पुट्टीनं सरांचं भिंग तोंडात घातलं होतं.

"सगळी?" यांनी विचारलं. "एक ते बारा?"

"अकराच," मी म्हटलं. "बारावीला छान मोड आलेत. आणू?"

सर परत खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "थीसिस लिहिणारे खूप बघितले. संपवणारी ही पहिलीच!" मग चष्मा नीट केला आणि यांना म्हणाले, "पण नमुने नाहीत तर थीसिस नाही. सुगी झाली की बाराही गावं पुन्हा फिरा."

हे माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "या वेळी तुला घरी ठेवून जायची माझी हिंमत नाही."

म्हणून आता शनिवार उजाडला की पुट्टी, मी, दुपट्यांची पिशवी, औषधांची पिशवी, असे सगळे बसस्टँडवर. गावात शिरलं की हे शेतकऱ्याला नमस्कार करतात आणि कन्नडात ओळख करून देतात, "ह्या माझ्या मिसेस, ही मुलगी. आधी रागीचं पोतं आत ठेवा, मग यांना बसायला सांगा."