कोचचं ‘येटो’

ब्लीचचा वास आला की आधी मोटेल आठवतं, जिथे आई दिवसभर चादरी धुवायची आणि तरी महिनाअखेर ओढाताण व्हायची. माझी कॉलेजची फी फुटबॉलच्या कोचने शब्द टाकून माफ करून घेतली होती, बदल्यात मी टीमच्या जर्सी धुवायची. कॉलेज छोटं होतं, पण त्याची टीम दरवर्षी जिंकायची. पहिल्या दिवशी मला सोडायला आई आली होती. “चला, मी जातो,” असं कोच इंग्रजीत म्हणाला, तेव्हा आईने त्याला मराठीतच दटावलं, “जातो म्हणू नये बाबा, येतो म्हणावं.” मी अर्थ सांगितला. तेव्हापासून लाँड्रीतून निघताना तो हमखास “येटो” म्हणायचा. तिसऱ्या वर्षी त्याला एका मोठ्या युनिव्हर्सिटीने मुलाखतीला बोलावलं. तो गेला तर नवा कोच स्वतःची माणसं आणणार आणि माझी फी-माफी जाणार, हे मला कळत होतं. निघताना तो दारात आला, नुसतं “बाय, किड” म्हणाला आणि गेला. मशीन कधीच थांबलं होतं, तरी मी ओल्या जर्सींकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. “विसरलोच. तुझ्या मॉमला सांगू नकोस हं. येटो.” सोमवारी तो गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर हजर होता. आजही तो तिथेच आहे, अजून जिंकतो. आणि मी पदवी घेतली, आमच्या घरातली पहिली.