पहिले खाकरा, मंग आत

सुरय्या आपांचा चेहरा दिसायच्या आधी मला त्यांचा पडदा दिसला. आकाशी रंगाचा, खाली पांढरी वेलबुट्टी, कूलरच्या वाऱ्यानं संथ हलणारा. टाळेबंदीतली दुपार होती, आम्ही सगळे नवशिके ऑनलाइन मास्तर आपापल्या मोबाईलला डोळे लावून प्रशिक्षणाची वाट बघत होतो, आणि समोर नुसता तो पडदा. मग पडद्यामागून कुणीतरी खाकरलं. गावाकडचे म्हातारे ओसरी चढताना खाकरतात तसं, बेतशीर. जरा वेळ गेला. पडदा बाजूला झाला आणि डोक्यावरून पांढरी ओढणी घेतलेली, जाड चष्म्याची एक बाई येऊन बसली.

"आलं का ध्यानात?" तिनं विचारलं. ध्यानात काय येणार, कपाळ! मला वाटलं बाईंना सर्दी झाली आहे.

"आपल्या वऱ्हाडात बुढा मानूस सोताच्या घरात बी खाकरल्याबिगर पाय ठेवत नाई," आपा म्हणाल्या. "काऊन? आत सून पदर सोडून बसली असन, कोनी रडून राह्यलं असन. सावराले टाइम द्याचा. अन् तुमी? बटन दाबलं का घुसले पोराच्या घरात, चप्पल बी काढत नाई. पहिले खाकरा, मंग आत जा."

मी अकोल्याची, मराठी शिकवणारी, आणि तशी तोंडाळ. बायामाणसं कुठं खाकरतात का, असं मी तिथल्या तिथं विचारलं. आपा म्हणाल्या, तुम्ही सुरुवात करा, मग खाकरतील. दुसऱ्या दिवसापासून मी तासाआधी खाकरायला लागले. माझ्या सासूबाईंनी दोन वेळा आल्याचा काढा करून दिला, तेव्हा कुठं मी त्यांना खरं कारण सांगितलं.

त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली होती, सोयाबीन पावसात सडलं होतं आणि वरून शाळा बंद. अमरावतीच्या एका संस्थेनं अंजनगाव, पातूरकडच्या खेड्यांतल्या दहावीच्या मुलांना टॅब वाटले आणि आम्हाला शिकवायला नेमलं. आम्हाला शिकवायला नेमल्या आपा. त्या अचलपूरच्या. भावाचं पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं, ते टाळेबंदीत बंद पडलेलं, त्यामुळे घर आपांच्या नोकरीवर चाललेलं. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हाला एवढंच दिसायचं, की दर आठवड्याला त्यांच्या मागे नवा पडदा असतो. आज कोणता रंग, यावर आमच्या गप्पा चालायच्या, आणि गणिताच्या दहिहांडे सरांनी तर एकदा सगळ्यांदेखत भाव विचारला.

प्रशिक्षणात बटणं कुठली दाबायची हे त्या झटपट उरकायच्या. मग म्हणायच्या, डोये मिटा. आम्ही मिटायचो. माईक सगळ्यांचे चालू. अकोल्यातलं माझं घर, दहिहांडे सरांचं बाळापूरचं, कुणाचं मूर्तिजापूरचं, सगळी घरं त्या अंधारात एकमेकांत मिसळून जायची. कुकरची शिट्टी, होल्या पाखराचं घुमणं, कुणाची तरी शेळी, लांबवर मोटारीचा आवाज. मला वाटायचं आपण सगळे एकाच मोठ्या अंगणात झोपलोय आणि कुणी उठवू नये. एकदा त्या शांततेत दहिहांडे वहिनींचा आवाज आला, की डोळे मिटून बसायला पगार मिळतो का. सगळे हसलो, सरांचा माईक घाईनं बंद झाला.

आपा हसल्या नाहीत. "ऐकू आलं म्हनून ऐकाचं नसते," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोराच्या घरातून बी असंच येईन. येऊ द्या. आपन धडा शिकवाचा."

त्यांचं सगळं शिकवणं या एका वाक्यात होतं. कॅमेरा लाव म्हणून मुलाच्या मागे लागायचं नाही. तास उगाच रेकॉर्ड करून साठवून ठेवायचा नाही. वाढदिवसाला मुलाचा फोटो, गाव, बापाचा मोबाईल नंबर असं सगळं गटावर टाकून हार्दिक शुभेच्छा द्यायची आपल्याकडे भारी हौस. ती त्यांनी पहिल्या महिन्यात मोडून काढली. नेट पुरत नाही अशा मुलांसाठी त्या स्वतः धडे आवाजात भरून पाठवायच्या. माझ्या मराठीच्या कविता त्यांनी वाचल्या त्या ऐकून मी चाट पडले. उर्दू शाळेत शिकलेली बाई, पण प्रत्येक ओळीनंतर अशी थांबायची की ऐकणाऱ्याला आपलं शेत, आपलं आभाळ आठवावं.

वेदिका माझ्या वर्गात होती. अंजनगावजवळच्या खेड्यातली. तिचा कॅमेरा कायम बंद, मी तिला कधी पाहिलं नाही. पण वाचायला लागली की बाकीची मुलं चिडीचूप व्हायची. आवाजात किंचित खर होती, सकाळी पहिल्यांदा बोलल्यासारखी.

हजेरीला मुलांची नावं टॅबवर दिसायची, संस्थेनंच घालून दिलेली. काही नावांआधी 'आ. कु.' असं असायचं. मी ते आपलं आदरणीय कुमारी असं समजून वाचायची. संस्थेचं काही खूळ असेल म्हटलं. एक दिवस सोहम नावाच्या मुलानं विचारलं, "बाई, मी कुमारी काऊन?" वर्गभर खसखस पिकली. मीही हसले आणि नंतर कार्यालयात फोन लावला. तिथल्या साहेबांनी अगदी सहज सांगितलं की ते आत्महत्याग्रस्त कुटुंब. त्या मुलांच्या टॅबसाठी देणगीदार वेगळे आहेत, ओळखायला सोपं जावं म्हणून ती खूण.

रोज सकाळी मी त्या लेकरांचे मेलेले बाप हजेरीत घेत होते, खणखणीत आवाजात, सगळ्या वर्गासमोर.

माझ्या आधी ते मुलांनाच कळलं. कुणीतरी अर्थ लावला, कुणीतरी वर्गाच्या गटावर लिहिला. वेदिका दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिच्या आईला फोन केला तर ती म्हणाली, पोरगी टॅबले हातच लावत नाई, म्हनते सारे मले पाहून राह्यले. शिकत नसन तर कापूस वेचाईले येईन संगं. दहावी अशी हातची जाणार होती. मी आपांना फोन केला आणि बोलता बोलता रडले. आपा पलीकडून नुसत्या खाकरल्या, आणि माझं रडणं संपेपर्यंत थांबल्या.

त्यांनी आधी साहेबांनाच ती खूण काढायची विनंती केली. आम्हा दोघींशी ते एकत्र बोलले. पुढच्या आठवड्यात देणगीदार तास बघायला येणार आहेत, तोवर नावांना हात लावता येणार नाही, आणि खरं तेच लिहिलंय, त्यात लपवायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

"लपवाचं नाई साहेब, झाकाचं हाय," आपा म्हणाल्या. "लपवते चोर. झाकते माय."

साहेबांनी फोन ठेवला. आपांनी मला विचारलं, बाई, तुमच्या शेतशिवारात काय काय उगवते, काय उडते? मला आधी कळेना. पण त्यांच्याकडे सगळ्या वर्गांची किल्ली, म्हणजे पासवर्ड, होती. त्याच संध्याकाळी सगळ्या मुलांना, एकट्या वेदिकाला नव्हे, त्यांच्या आवाजातला निरोप गेला: उद्यापासून वर्गात आपलं नाव आपण ठेवायचं. झाडाचं ठेवा, पाखराचं ठेवा, भाजीचं ठेवा. कोण कोण आहे ते फक्त बाईंना ठाऊक राहील.

सकाळी मी खाकरले आणि हजेरी घेतली. पळस हजर होता, टिटवी हजर होती. सोहम बोंड झाला होता. मी एकेक नाव घेत होते आणि वाटत होतं, वर्ग नाही, मी धुक्यातल्या शिवारातून चालतेय आणि बांधाबांधावरून कुणीतरी ओ देतंय. सगळ्यांत खाली एक नाव होतं, अंबाडी. मी हाक मारली. उत्तर नाही. मी पुन्हा खाकरले आणि थांबले, आपांसारखी.

"हजर, बाई." आवाजात तीच खर.

देणगीदारांच्या दिवशी आपांनी माझा तास त्यांना दाखवला. आमची मुलं यातली कोणती, असं त्यांनी विचारल्यावर आपा म्हणाल्या, सारीच. साहेबांनी महिनाअखेरीस त्यांना कामावरून काढलं. आम्ही मास्तरांनी मिळून पत्र दिलं, त्याचं काही झालं नाही. जाताना आपांनी किल्ली बदलून ठेवली होती आणि साहेबांना ती सापडेपर्यंत दहावीचं वर्ष आटोपलं होतं. अंबाडी पास झाली. मला राग आला होता, अजून येतो. आपांना मात्र फोनवर विचारलं तर म्हणाल्या, दुकान उघडलंय, पडदे शिवून राह्यली, तुम्हाला कोणता रंग पाठवू?

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या भावाचा निरोप आला, आपा गेल्या. छातीचं दुखणं. मी ते मास्तरांच्या आणि मुलांच्या जुन्या गटावर कळवलं आणि एस. टी.नं अकोट, अंजनगाव करत अचलपूरला गेले. बांधांवर अंबाडी फुललेली होती. आपांना मी एवढ्या वर्षांत प्रत्यक्ष कधी भेटले नव्हते, आणि आता त्यांच्या घरी जात होते. मला फार रडू येत होतं.

दुकानाला लागूनच घर. भाऊ बाहेर खुर्च्या मांडून बसलेले. बाया आत हायेत, जा बाई, म्हणाले. आतल्या खोलीच्या दाराला तोच आकाशी पडदा होता, पांढऱ्या वेलबुट्टीचा. आतून हुंदके ऐकू येत होते. मी पडद्याशी थांबले आणि सवयीनं खाकरले.

आतले हुंदके थांबले.

"हजर, बाई," पडद्यामागून एक आवाज म्हणाला. किंचित खर असलेला.

कोण, म्हणून मी विचारलं नाही. तिला डोळे पुसता येतील इतका वेळ तिथंच उभी राहिले, आणि मग पडदा बाजूला केला.