काठावरचा टवका

आमच्या हिला गिऱ्हाइकं ‘भिंगवाल्या बाई’ म्हणतात. लोकांच्या घरातल्या जुन्या वस्तू पारखून त्यांची किंमत सांगणं हा तिचा धंदा, आणि त्या वस्तूंसाठी लाकडी खोकी ठोकणं हा माझा. दोघांची टेबलं एकाच खोलीत. खोटी किंमत सांगायची नाही, मग समोरचा रडो की चिडो, हा तिचा बाणा. घरातही तोच न्याय. माझ्या स्वयंपाकाची किंमत तिने लग्नानंतर आठवड्याभरात सांगून टाकली, ती आजतागायत वाढलेली नाही.

तिच्या कामाची एक रीत आहे. वस्तू कोणाची, कुठली, हे आधी ऐकायचं नाही. टेबलावर आली की पहिल्यांदा पालथी घालायची, कारण तोंड सगळेच सजवतात, बुडाकडे कोणी बघत नाही. आणि चिनी मातीचं भांडं असलं की मालकाला ठरलेलं वाक्य ऐकवायचं, ते एकदाच: “दोन्ही हातांनी धरा. काठाचा एवढासा टवका उडाला तरी बाजारात याला कोणी विचारणार नाही.”

त्या सकाळी एक भाऊ-बहीण आले. आई नुकतीच गेलेली, घर रिकामं करायचं होतं, आणि मागे राहिला होता एक मोठा निळ्या वेलबुट्टीचा वाडगा. हिने हात वर करून थांबवलं, तरी भावाने मला सांगून टाकलंच: वाडगा खरा जुना निघाला तर विकायचा, साधा निघाला तर बहिणीने न्यायचा, असं दोघांचं ठरलंय. बहीण वाडगा मांडीवर घेऊन बसून होती. आपली वस्तू खोटी निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हिने ठरलेलं वाक्य म्हटलं, वाडगा घेतला, पालथा घातला आणि नखाने टिचकी मारली. स्वच्छ, लांबवर जाणारा नाद आला. बहिणीने डोळे मिटले. अनेक वर्षं शेजारी बसून मलाही एवढं कळतं, की असा नाद आल्यावर सहसा वाईट बातमी नसते. त्या पोरीसाठी होती.

मग हिचं भिंग वाडग्याच्या आत थांबलं. तळाशी बारीक ओरखड्यांचं एक कडं होतं. हे कसले, असं हिने विचारलं. स्वतः होऊन विचारणं तिच्या रीतीत बसत नाही.

“आईची अंगठी,” बहीण म्हणाली. “रोज यातच पीठ मळायची. अंगठी काढून ठेव म्हटलं की म्हणायची, ती आता मी मेल्यावरच निघेल. तशीच निघाली.”

हिने भिंग खाली ठेवलं आणि किंमत सांगितली. आकडा ऐकून माझ्या हातातला खिळा पडला. भाऊ काही दुष्ट नव्हता, पण आकड्याने भल्याभल्यांचं डोकं फिरतं. त्या ओरखड्यांनी भाव पडेल का, घासून काढता येतील का, हे त्याने लगेच विचारलं.

“येतील,” ही म्हणाली. “घेणारा आधी तेच करील.”

“दादा, तेवढं नको.”

“तू हो म्हणाली होतीस,” भाऊ म्हणाला, आणि त्याने मला खोकं आणायची खूण केली.

मला त्या माणसाचा असा राग आला, की मी मुद्दाम खोकं सापडत नसल्यासारखं केलं. तेवढ्यात हिने वाडगा उचलून बहिणीच्या हातात दिला. तिच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “दोन्ही हातांनी धरा. काठाचा एवढासा टवका उडाला तरी बाजारात याला कोणी विचारणार नाही.”

बहिणीने वाडगा दोन्ही हातांनी वर उचलला. आता ती पोरगी तो जमिनीवर आपटणार, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला. पण तिने तो अलगद कलता केला आणि माझ्या टेबलाच्या लोखंडी कडेवर काठ आपटला. नखाएवढा टवका माझ्या पायाशी पडला.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आवाज चढवून विचारलं, आता किंमत काय?

हिने वाडगा पुन्हा घेतला, पुन्हा पालथा घातला, पुन्हा भिंग लावलं. माणसाला वेड लागायची पाळी.

“बाजारात काही नाही,” ती म्हणाली. “पीठ मळायला उत्तम आहे.”

तो बहिणीशी अवाक्षर बोलला नाही. पण निघताना तिचे दोन्ही हात अडकलेले पाहून त्याने दार धरून ठेवलं.

ते गेल्यावर मी हिला म्हटलं, “ते वाक्य तू एकदाच म्हणतेस ना गं?”

ती पदराने भिंग पुसत होती. “मग? त्यात खोटं काय होतं?”