अण्णांना ऐकू येणारं कथील

आधीच सांगून टाकतो — भुताखेतांशी माझं भांडण नाही, फक्त ओळख नाही. आमच्या श्रीवर्धनला प्रत्येक विहिरीत आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, असतात असं मानणारी माणसं आहेत. त्याच विहिरींचं पाणी काढत मी मोठा झालो, मला कोणी भेटलं नाही. त्यामुळे खालचा अनुभव कुठल्या खात्यात टाकावा हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची. मी मुंबईत एका प्रयोगशाळेत मदतनीस होतो. आमच्या कामाचं नाव भारदस्त होतं — ‘कथलाच्या मिश्रधातूंची रचना व गुणधर्म’. आमचे प्रमुख हे नाव उच्चारण्याआधी कोटाची बटणं लावून घेत. प्रत्यक्षात मी कथील वितळवायचो, त्यात शिसं नाहीतर अँटिमनी घालायचो, करंगळीएवढ्या कांड्या ओतायचो आणि त्या कानाशी धरून वाकवायचो. शुद्ध कथील वाकवलं की आतले स्फटिक सरकतात आणि करकर आवाज येतो, नव्या वहाणेसारखा. विलायतेत याला कथलाचं रडणं म्हणतात. शिसं पुरेसं मिसळलं की ते रडणं थांबतं. मग कांडी घासून, चमकवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि आत काय बदललं ते बघायचं. बटणं काढली तर संशोधन एवढंच.

मे महिन्यात मी बोटीने घरी आलो तो थोड्या कांड्या बरोबर घेऊनच. घरी वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो — वहिनी, आणि तिची लहानगी यमू. थोरला भाऊ नोकरीला अलिबागला. अण्णांचे कान एका मोठ्या तापात क्विनीन घेऊन घेऊन पार गेले होते. शेजारी घागर आपटली तरी मान वळत नसे. त्यांच्याशी बोलायचं ते पाटीवर लिहून. हळूहळू त्यांनीही बोलणं सोडलं, जेवायलासुद्धा सगळ्यांच्या नंतर एकटे बसत.

यमू त्यानंतरची. तिचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. ती बोलू लागली की ते तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. एकदा त्यांनी वहिनीला विचारलं, “हिचा आवाज कुणासारखा गं?” वहिनीनं पाटीवर लिहिलं, ‘तुमच्यासारखा. मोठा.’ अण्णांनी ते वाचलं आणि उठून वाडीत सुपारीच्या झाडांकडे निघून गेले.

त्या मे महिन्यात एका सकाळी मी ओटीवर बसून कांडी वाकवत होतो. अण्णा पडवीत पाठमोरे, सुपाऱ्या सोलत.

“काय रे ते?” ते म्हणाले. “काय करकरलं?”

मी पुन्हा वाकवली.

“हं. तेच.”

वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली. तिनं पाटीवर लिहिलं, ‘माझं बोलणं येतंय?’ आणि मामंजींच्या समोर उभी राहून मोठ्यानं हाक मारली. अण्णांनी मान हलवली. “नाही गं. तेवढंच येतंय.” पण त्या दिवशी ते आमच्याबरोबर पानावर बसले. “सुरुवात झाली म्हणायची,” भात कालवता कालवता म्हणाले, “आज हे, उद्या ही यमी.”

मी त्यांना मुंबईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या नावापुढची अक्षरं दारावरच्या पाटीवर मावेनात म्हणून दुसऱ्या ओळीत उतरली होती. त्यांनी घंटा वाजवल्या, कानामागच्या हाडावर कंप पावणारा काटा टेकवला. काही नाही. “दोन्ही कान संपले,” म्हणाले. मी मागे उभा राहून कांडी वाकवली. अण्णांनी बोट वर केलं. “जमिनीतून कंप जातो,” डॉक्टर म्हणाले. मी बाहेर गेलो, दार लावलं, जिन्यावर जाऊन वाकवली. परत आलो तेव्हा डॉक्टर अण्णांच्या वर केलेल्या बोटाकडे बघत होते. ते म्हणाले, “योगायोग,” आणि पुढच्या रोग्याला बोलावलं. मला त्यांचा राग आला नाही. मीही हाच शब्द शोधत होतो.

पुढे प्रत्येक सुट्टीत अण्णांना कांडी हवी असे. वाकवून वाकवून शेवटची कांडीही तुटली. वितळवून पुन्हा ओतायला घरात लोखंडी पळी नव्हती, म्हणून अण्णांचे मित्र कासमभाई यांची आणली. त्यांचा मासेमारीचा मचवा होता. अण्णांना ऐकू येत नाही हे माहीत असूनही ते रोज येऊन तासभर बोलून जात.

“अण्णा, तुजा पोरगा मुंबईला शिकून कल्हईवाला झाला की काय?” चुलीपाशी मला बघून ते म्हणाले. अण्णा हसले. काय म्हणाला असेल याचा त्यांना नेहमीच अंदाज असे.

नवी कांडी गार झाल्यावर मी वाकवली. आवाज नाही. कानाशी धरली, तरी नाही. वहिनीलाही काही ऐकू आलं नाही. आता अण्णांना काय सांगायचं, या विचारात होतो, तेवढ्यात पडवीतून ते म्हणाले, “बदललंय रे. मघापर्यंत एकटं होतं. आता दोघं आहेत, आणि एकमेकांत मिसळत नाहीत.”

मुंबईला जाताना त्या कांडीचा तुकडा कापून नेला, घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कथलाच्या उजळ कणांमध्ये शिशाचे काळे पुंजके, शेजारी शेजारी, न मिसळलेले. कासमभाईंचे लोक त्याच पळीत जाळ्यांची शिशाची वजनं ओतायचे. ते अण्णांना माहीत असणार, असं मी स्वतःला समजावलं. न मिसळण्याचं मात्र माहीत असायचं कारण नव्हतं. प्रमुखांना यातलं काही सांगितलं नाही. बटणं लावून सांगण्यासारखं ते नव्हतं.

पुढल्या मे महिन्यात अण्णा फार थकले होते. बाकी कुठलाच आवाज त्यांना परत आला नव्हता, आणि ‘उद्या यमी’ हे त्यांनी म्हणायचं सोडलं होतं. एका दुपारी ते ओटीवर पडले होते, डोळे मिटून. मी शेजारी पेपर वाचत होतो.

“आज तू नाहीस,” ते एकदम म्हणाले. “कोण वाकवतंय?”

मी रिकामे हात त्यांच्यासमोर धरले.

“बारीक आहे. घाई फार. थांबतं, पुन्हा करतं.” ते उठून बसले. “यमी आहे का रे?”

मी मागच्या दारी गेलो. विहिरीपलीकडे, केळीच्या आड यमू बसली होती, दोन्ही हातांत माझी मुकी कांडी. वाकवायची, जीभ बाहेर काढून सरळ करायची, पुन्हा वाकवायची. मी जवळ उभा होतो, मला काही ऐकू येत नव्हतं.

“काका, मी मोडली नाही,” ती म्हणाली.

तिला घेऊन ओटीवर आलो. अण्णांनी तिला मांडीवर बसवलं, तिच्या हातातली कांडी काढून पुन्हा तिच्याच हातात दिली. ती वाकवत राहिली. वहिनी दाराशी येऊन उभी राहिली. अण्णा डोळे मिटून बराच वेळ ऐकत होते.

“आवाज माझ्यासारखा कुठला,” ते वहिनीला म्हणाले. “तुझ्यावर गेलाय.”

त्या पावसाळ्यात अण्णा गेले. कांडी माझ्याकडे आहे. पुढे चांगली उपकरणं आली तेव्हा ती तपासून घेतली — आवाज नाही, यायचं कारणही नाही. मी अजूनही आसरा मानत नाही. पण त्या दुपारी अण्णांनी काय ऐकलं, ते मला सांगता येत नाही.