नळीत राहिलेली गोळी

"डाळिंबाचा काटा गेला डोळ्यात," धुळाप्पा म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ बिरू माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. डाव्या डोळ्याची खोबण रिकामी. "आन् सायेब, डोळा असा करा की आटपाडीत कुणाला वळखाय येऊ नये."

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांचा कागद माझ्या हातात होता. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी. मी कागदाची घडी करून फाइलमध्ये ठेवली आणि माप घ्यायला लागलो.

मी डॉक्टर नाही. मिरजेत कृत्रिम डोळे बनवतो. आमच्या घराण्यात पूर्वी हत्यारांना धार लावत, पुढे सतारी करू लागले आणि आम्ही दोघे भाऊ डोळ्यांकडे वळलो. कृत्रिम डोळा म्हणजे गोटी नव्हे. ते वाटीसारखं पातळ कवच असतं. खोबणीचं माप घ्यायचं, मेणाचा नमुना करायचा, त्यावरून पांढऱ्या अॅक्रिलिकचं कवच घडवायचं, ही कामं माझी. बुबुळ रंगवायचं काम थोरल्या भाईंचं. भाई यंदा रमजानच्या महिन्याआधी वारले. बिरूचं बुबुळ हे मी एकट्यानं रंगवलेलं पहिलं.

बुबुळ रंगवताना पेशंटच्या चांगल्या डोळ्यात बराच वेळ बघत राहावं लागतं. इतका वेळ कुणी डोळ्यात बघत असलं, की माणसाला खोटं धरून बसणं जड जातं. तिसऱ्या खेपेला धुळाप्पा चहा प्यायला खाली गेला, तेव्हा बिरू आपणहून बोलला.

"काटा न्हवता सायेब."

"माहीत आहे. मान हलवू नका."

डाळिंबावर पाखरं येतात म्हणून धुळाप्पानं एअरसॉफ्ट गन ऑनलाइन मागवली होती. एअरसॉफ्ट म्हणजे खेळातली बंदूक. दिसते हुबेहूब खरी, उडवते प्लॅस्टिकच्या गोळ्या. खेळणारे तोंडावर जाळी आणि डोळ्यांवर गॉगल लावूनच खेळतात. त्या दिवशी धुळाप्पानं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून बाजूला ठेवली आणि "रिकामी हाय" म्हणाला. घामानं गॉगलवर वाफ धरली होती, म्हणून बिरूनं तो काढला. रिकामी आहे हे दाखवायला धुळाप्पानं खटका दाबला.

त्या बंदुकीचा वरचा भाग मागं ओढला, की एक गोळी मॅगझिनमधून नळीत चढते. पुढं मॅगझिन काढलं तरी ती तिथंच राहते.

"मग काट्याचं का सांगितलं?"

"खेळण्यातल्या बंदुकीनं डोळा गेला म्हणलं तर गाव हसंल, असं दादा म्हणला."

"बंदूक कुठे आहे आता?"

"शेडात. खुंटीला."

"कोण वापरतं?"

"पाखरं आली की जवळ असंल त्यो. कामाच्या बाया बी."

"आणि गॉगल?"

"एकच हाय. माजाच त्यो."

माझा ब्रश थांबला. लोकांच्या घरात डोकावणं हे आमचं काम नाही, भाई नेहमी म्हणत. पण पुढचा डोळासुद्धा माझ्याच खुर्चीत येणार होता.

धुळाप्पा वर आला, तेव्हा मी म्हणालो, "पुढच्या खेपेला डोळा बसवू. येताना बंदूक घेऊन या."

"कसली बंदूक?"

"आवं दादा, सांगितलं मी," बिरू म्हणाला.

धुळाप्पा त्याच्याकडे न बघता जिना उतरला.

येताना मात्र त्यानं बंदूक आणली. खताच्या पोत्यात गुंडाळलेली.

"यष्टीतनं आणलीत?"

"मग काय इमानानं?"

पोतं उघडलं आणि मी मागं सरलो. खेळणं आहे हे ओळखू यावं म्हणून तिच्या नळीच्या टोकाला नारिंगी रंग असतो. इथं सगळीच काळी होती.

"डाळिंबं चोराय येत्यात," धुळाप्पा म्हणाला. "नारिंगी बघून कोण भ्यायचं? म्हणून रंगीवली."

"पोतं बस स्टँडवर फाटलं असतं तर पोलीससुद्धा भ्याले असते. आणि त्यांच्या कमरेला असते ती खरी असते."

कवचं घासताना लावायचे चष्मे मी तिघांच्या डोळ्यांवर चढवले. कोपऱ्यात ओल्या प्लास्टरनं भरलेलं घमेलं होतं.

"मॅगझिन काढा."

त्यानं काढलं.

"आता रिकामी?"

"व्हय," तो हळूच म्हणाला.

"घमेल्यात धरा आणि खटका दाबा."

फट् असा बारीक आवाज आला. प्लास्टरला हरभऱ्याएवढं भोक पडलं.

धुळाप्पा स्टुलावर बसला. म्हणाला, "काल बाया जेवाय बसल्या हुत्या. खुंटीच्या खालीच."

मग मी माझ्या आजोबांची रीत सांगितली. हत्यार हातात आलं की देणाऱ्याचा शब्द घ्यायचा नाही, स्वतः बघायचं. मॅगझिन काढल्यावर वरचा भाग ओढून नळी तपासायची, तोंड जमिनीकडे ठेवायचं, बोट खटक्याबाहेर. आधी सगळ्यांचे गॉगल, मगच बंदूक. काम झालं की कुलपात, गोळ्या वेगळ्या. नेताना बंद पेटीतून. नारिंगी टोक पुन्हा नारिंगी. आणि बिरूनं तर शेतात कायम चष्मा लावायचा, कारण त्याच्याकडे आता जादाचा डोळा नव्हता.

मग डोळा बसवला. आरशात छान दिसला. धुळाप्पानं हात जोडले. मी त्यांना सोडायला खाली रस्त्यावर गेलो आणि उन्हात चूक दिसली. बिरूचं खरं बुबुळ तांबूस होतं. माझं काळपट.

भाई रंग नेहमी मागच्या अंगणात, उजेडात जुळवायचे. ते गेल्यापासून मी अंगणात बसत नव्हतो. ट्यूबलाइटखाली जुळला, तेवढ्यावर मी भागवलं होतं.

"रंग चुकलाय. माझी चूक," मी म्हणालो. "पुन्हा करून देतो."

धुळाप्पा बघत राहिला. "ऱ्हाऊ द्या सायेब. मला रोज दिसलं पायजे."

"आवं दादा!" बिरू म्हणाला. "ध्यानात ठिवायचं तुमी आन् काळं बुबुळ मी घिऊन फिरू व्हय? माजं त्वांड काय तुमचा फळा हाय?"

कितीतरी दिवसांनी मी हसलो. धुळाप्पाला मात्र हसू आलं नाही.

नवं बुबुळ मी अंगणात बसून रंगवलं, भाईंच्या स्टुलावर. हात दोनदा थांबला. रंग मात्र जुळला.

काही महिन्यांनी बिरू डोळ्याला पॉलिश करून घ्यायला एकटाच आला. शेतात लावायचा चष्मा शर्टाला अडकवलेला होता. बंदूक ट्रंकेत आहे, किल्ली वहिनीकडे, म्हणाला. शेडातल्या खुंटीला आता चार गॉगल असतात. काट्याची गोष्ट गावात कुणी काढलीच, तर दादाच आधी बोलतो, "काटा न्हवता, मी हुतो."

रिकामी आहे असं सांगणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. सांगणारे आपण स्वतः असलो तरी. रंग जुळला म्हणणाऱ्याच्याही नाही. त्याला उन्हात न्यावं.