अण्णांनी बसवलेला पंखा

अण्णा आधी गाडीला हात लावत आणि मग माणसाकडे बघत. बेंगळूरच्या यशवंतपूर भागातल्या त्यांच्या गॅरेजात कुणी आलं की लुंगीला हात पुसून ते तळवा बॉनेटवर ठेवत, लेकराचा ताप बघावा तसा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "काटा खोटं बोलतो. पत्र्याला ते जमत नाही," असं म्हणत.

मी त्यांच्याकडे गेलो तो बाबांपायी. आई गेल्यावर बाबा पुण्याहून माझ्याकडे बेंगळूरला आले, ते दोन बॅगा आणि माझ्याहून वयानं मोठी असलेली काळी गाडी घेऊन. इथली भाषा त्यांना येत नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं. रोज सकाळी गाडीतून एक चक्कर, एवढाच त्यांचा विरंगुळा. पण हेब्बाळच्या गर्दीत उभी राहिली की गाडी पाच मिनिटांत उकळायची. तिसऱ्यांदा वाफा निघाल्या तेव्हा मागच्यांनी हॉर्न वाजवून उच्छाद मांडला. घरी आल्यावर बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "विकून टाक." पुढचे पंधरा दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मला गाडीची नव्हे, त्यांची काळजी वाटू लागली.

अण्णांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या बेंगळुरातच गेल्या, पण घरात मराठीच. त्यांची कानडी मिसळलेली मराठी आम्हाला गमतीची वाटे आणि आमची त्यांना. मी त्यांचा 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, आणि बाबा 'यजमान', म्हणजे मालक. मी बोलताना "ॲक्च्युअली" म्हटलं की ते शांतपणे कानडीत "सरी", म्हणजे "बरं", म्हणत आणि वर, "आता मराठीत सांग."

त्यांनी गाडी पाहिली आणि निकाल दिला, "गाडी बरी आहे, तम्मा. गाव बिघडलंय." रेडिएटरला वारा देणारा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गर्दीत गाडी थांबली की इंजिन मंदावतं, आणि त्याच्याबरोबर पंखाही. उपाय एकच, बॅटरीवर चालणारा विजेचा पंखा. खरं तर जुन्या गाडीला नवं काही चिकटवणं अण्णांना मुळीच खपत नसे. "आजोबाला जीन्स घालायची काय?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनवत. पण स्टुलावर गप्प बसलेल्या बाबांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "बसवतो, यजमान. उद्या काढला तर खूणसुद्धा राहायची नाही, असा बसवतो."

भंगारातून एका छोट्या गाडीचा पंखा आला. अण्णांनी तो वितीनं मोजला आणि लोखंडी पट्ट्या वाकवायला घेतल्या. लोक रेडिएटरच्या जाळीतूनच प्लॅस्टिकचे बंद ओवून पंखा बांधतात, त्यांचा विषय निघाला की अण्णांचा पारा चढे. एका दिवसाचं काम चार दिवस चाललं. बाबा रोज पाने हातात देत बसायचे, काळी नखं घेऊन घरी यायचे आणि एक पोळी जास्त खायचे. काम मुद्दाम लांबवलं होतं की काय, हे मी अण्णांना कधी विचारलं नाही.

तारा जोडायची वेळ आली तेव्हा माझ्यातला इंजिनियर जागा झाला. फोनवर व्हिडिओ बघून मी लाल तार स्विचकडे नेली, काळी बॉडीला जोडली. पंखा झोकात फिरला. मी कॉलर ताठ करून उभा. अण्णांनी सकाळच्या पेपरचं एक पान घेतलं आणि गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरलं. ते जाळीला चिकटायला हवं होतं. ते उडून थेट बाबांच्या मांडीवर पडलं. पंखा उलटा फिरत होता, गरम हवा पुढे फेकत होता.

"ह्या गाडीत बॅटरीचं प्लस बॉडीला असतं, तम्मा, नव्या गाड्यांसारखं मायनस नव्हे," अण्णा म्हणाले. "गाडीला विचारायचं सोडून फोनला विचारलंस."

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"अण्णांनी डोळ्यांनी दटावलं ना!" आणि बाबा पोट धरून हसले. आई गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझी फजिती झाली याचं मला तसूभरही वाईट वाटलं नाही.

अण्णांनी तारा बदलल्या, इंजिन तापलं की पंखा आपोआप चालू करणारा स्विच बसवला आणि संध्याकाळी सहाला, भर गर्दीत, गाडी हेब्बाळला न्यायला लावली. "परीक्षा द्यायची तर अवघड पेपराची," म्हणाले. बाबा चालवत होते. अर्धा तास अडकलो. पंखा आपोआप सुरू झाला, थोडा वेळ घोंघावला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला. गाडी उकळली नाही. अण्णा मागच्या सीटवर चक्क झोपले होते.

त्यानंतर दर गुरुवारी बाबा "ऑइल बघून येतो" म्हणून यशवंतपूरला जायचे ते जेवूनच परतायचे. ऑइल कशाला लागतंय? दोघं स्टुलांवर बसून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवत. बाबा घरी 'थोडा' सोडून अण्णांसारखं "स्वल्प भात वाढ" म्हणायला लागले.

गेल्या वर्षी अण्णा झोपेतच गेले. सकाळी फोन आला. मी टॅक्सी बोलावणार होतो, तोवर बाबांनी किल्ली घेतली होती. हेब्बाळला पाऊण तास अडकलो.

पोहोचलो तेव्हा अण्णांच्या पत्नी, आमच्या अक्का, दारातच बसल्या होत्या. बाबांना बघून म्हणाल्या, "परवा तुमचीच गाडी विचारत होते, यजमान. अजून तापती का म्हणून."

"नाही हो अक्का, तापत नाही," बाबा म्हणाले. आईच्या वेळी डोळ्यांतून टिपूस न काढलेला माझा बाप तिथं सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला.