प्रकृतीच्या कारणास्तव

आमच्या लातूरच्या मंडळीत चर्चच्या पाळकाला 'पाळकसाहेब' म्हणतात आणि त्यांच्या बायकोला 'पाळकीणबाई'. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदाच एक बाई आमच्याकडे पाळक म्हणून आल्या, तेव्हा पहिली अडचण शास्त्राची नव्हतीच. हाक काय मारायची, ही होती. पाळकीणबाई म्हणावं तर त्या कुणाची बायको म्हणून आलेल्या नव्हत्या. त्यांचे यजमान बँकेत नोकरीला. स्वागताच्या चहाला एकाने विचारलंच, "मग ह्यांच्या मालकाला काय म्हणायचं? पाळकीणबुवा?" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो. त्यांचे यजमानही हसले, बशीतली बिस्किटं सांभाळत.

मी तेव्हा मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी होतो, आजही आहे. नोकरी चाकूरला, सरकारी कचेरीत. तिथं आमच्या वरिष्ठ बाईच आहेत आणि त्यांना मी दिवसभर 'साहेब' म्हणतो. "साहेब, सही." "साहेब, गाडी लागली." जीभ कधी अडखळली नाही. रविवारी मात्र तीच जीभ आखडायची. पाळक म्हणून आलेल्या बाईंना मी 'मॅडम' म्हणायचो, आणि तेही शक्यतो कुणी ऐकत नसताना.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकर मोडून देणं, प्याला देणं हे पाळकाचं काम. बाईच्या हातून प्याला घ्यायला माझं मन तयार होईना, आणि तसं उघड म्हणायची हिंमतही नव्हती. म्हणून प्याल्यांचा ट्रे पुढच्या बाकापाशी आला की मी उठून मागच्या खोलीत इन्व्हर्टर बघायला जायचो. असं दोन वर्षं चाललं. घरी बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमच्या इन्व्हर्टरला क्यालेंडर कळतं वाटतं. बरोबर पहिल्या रविवारीच बिघडतो."

ती पुढं काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं मला फार लागतं.

पण मला सांगायचं आहे ते याच्याही आधीचं. ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, म्हणून ते एक दिवस कुणी तरी वाचणार होतंच.

मागच्या वर्षी मंडळीचा वर्धापनदिन जवळ आला. आजवरच्या सगळ्या पाळकांची नावं त्या दिवशी वाचावीत असं पाळकबाईंच्या मनात आलं, म्हणून त्यांनी ठरावांची जुनी वही घरी नेली. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, ह्यांना काय आजार होता हो?"

ओळ अशी होती: पाळकसाहेबांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला असून कमिटी तो मंजूर करीत आहे.

"पुढं कुणी भेटायला गेल्याची नोंदच नाही," त्या म्हणाल्या. "आजारी पाळकाला मंडळी विसरली? कुठं असतात ते आता? आपण जाऊ. मी पेटी घेते."

पेटी म्हणजे एक लहान लाकडी डबा. त्यात चार प्याले, भाकरीची डबी आणि द्राक्षरसाची बाटली असते. ज्यांना आजारपणामुळे चर्चला येता येत नाही, त्यांच्या घरी पाळक ती घेऊन जातात. माझ्या वडिलांसाठी हीच पेटी दवाखान्यात आली होती. आणि ती घेऊन आले होते ते ह्या ओळीतलेच पाळकसाहेब.

मी बाकावर बसलो आणि त्यांना सांगून टाकलं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ते तेव्हा बत्तीस-तेहतीसचे, बिनलग्नाचे. मंडळीत कुजबूज सुरू झाली की नांदेडला त्यांचा एक मित्र आहे आणि तो नुसता मित्र नाही. आम्ही कमिटीतले चौघे त्यांच्या क्वार्टरवर गेलो. त्यांनी आम्हाला चहा दिला. विचारलं तेव्हा ते नाकबूल झाले नाहीत. "हो, खरं आहे," म्हणाले, आणि मग आम्हालाच विचारलं, "माझ्या कामात काही कमी पडलं का?" चौघांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. मी तर नाहीच. त्याच वर्षी माझे वडील गेले, त्याआधी नऊ दिवस दवाखान्यात होते. हा माणूस रोज संध्याकाळी येऊन त्यांच्याजवळ बसायचा. एकदा मी डबा घेऊन गेलो तर तो वडिलांची नखं कापत होता. ते मला आठवत होतं आणि मी कपातल्या चहाकडे बघत होतो.

राजीनाम्याचं पत्र मी लिहिलं. त्यांनी फक्त सही केली. 'प्रकृतीच्या कारणास्तव' हे शब्द माझेच. कचेरीत रजेच्या अर्जांवर रोज वाचून हाताला सवय झालेली. मी त्यांची अब्रू वाचवली, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. अब्रू आम्ही आमची वाचवली होती.

पाळकबाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "म्हणजे आजारी नव्हते."

"नव्हते."

"मग पेटी कुणासाठी न्यायची?"

मी उठून वही कपाटात ठेवायला निघालो.

"नेऊ तरी," त्या म्हणाल्या. "आणि वही तुम्ही घ्या."

पुढच्या शनिवारी त्यांच्या यजमानांच्या गाडीतून आम्ही दोघं नांदेडला गेलो. पत्ता शोधायला फार फिरावं लागलं नाही. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजजवळ ते आणि त्यांचे ते मित्र दोघं मिळून झेरॉक्स-बायंडिंगचं दुकान चालवतात. ते काउंटरमागे उभे होते, बोटांना डिंक लागलेला, कानशिलाचे केस पांढरे. मला बघून क्षणभर थांबले.

"सलाम," मी म्हणालो.

"सलाम, सेक्रेटरी. पोट सुटलं की तुमचं!"

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं मी विसरलो. वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "हे खोटं मी लिहिलं. मला माफ करा."

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, ओळ वाचली. "एवढा आजारी होतो, आन् कुणी दोन मोसंब्या घेऊन आलं न्हाई?"

मशीनच्या मागून त्यांचे मित्र म्हणाले, "म्हंजे मी इतकी वर्षं पेशंट सांभाळून राहिलो, आन् मलाच माहीत न्हाई!"

दोघं हसले, पाळकबाईही हसल्या. मला हसू येईना. जुन्या पाळकसाहेबांनी ते पाहिलं असावं. आवाज खाली घेऊन म्हणाले, "आता हसतो. तेव्हा हसू नव्हतं. राजीनाम्याचं एक वेळ ठीक होतं. पण तुमच्या वडिलांच्या वर्षाच्या स्मरणभक्तीला तुम्ही बोलवाल असं वाटलं होतं. वर्षभर वाट पाहिली."

वडिलांची स्मरणभक्ती आमच्या घरी झाली होती. साठ माणसं जेवली होती.

ते मग वहीच उलटून बघायला लागले. "पाठ सुटली हिची. ठेवून जा, शिवून देतो." आणि त्यांनी मला बसायला स्टूल पुढे सरकवलं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. पण स्टूल दिलं.

दुकानामागच्या खोलीत कागदाच्या गठ्ठ्यांवर पाळकबाईंनी पेटी उघडली आणि त्यांना विचारलं, "तुम्ही देता का?"

"मी राजीनामा दिलाय, प्रकृतीच्या कारणास्तव," ते म्हणाले. "तुम्हीच द्या, पाळकसाहेब."

इतक्या सहज म्हणाले. माझी दोन वर्षांची अडचण सोडवायला त्यांना दोन क्षणही लागले नाहीत.

पाळकबाईंनी भाकर मोडली. प्याला आधी त्यांना दिला, मग त्यांच्या मित्रांना, मग माझ्यापुढे धरला. खोली दहा बाय दहाची, दाराशी मशीन. उठून जायला जागा नव्हती, आणि खरं सांगतो, जावंसं वाटलंही नाही. गाडीत तापून रस कोमट झाला होता. मी घेतला. "धन्यवाद, पाळकसाहेब," म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि प्याले पुसायला घेतले, जणू मी रोजच तसं म्हणत होतो.

शिवलेली वही आठवड्याने पोस्टाने आली. पुढच्या मीटिंगला मी ठराव मांडला: अमुक पानावरचा मजकूर खरा नाही, पाळकसाहेब आजारी नव्हते, आम्ही त्यांना जायला लावलं, लिहिणारा मी. मोठा वाद झाला. "जुनं कशाला उकरता?" "उद्या वरचं ऑफिस विचारील, तेव्हा तुम्ही जाणार का?" एक वडीलधारे तर म्हणाले, "आधी बाई आणली, आता हे." पाळकसाहेब खुर्चीत बसून होत्या. शांतपणे म्हणाल्या, "बाई आणली नाही काका, बाई बदलीवर आली." तेही हसले. ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. जुन्या पाळकसाहेबांना पुन्हा व्यासपीठावर उभं राहू न देणारे वरचे नियम बदललेले नाहीत, ते आमच्या हातात नाहीत. त्या काकांनी महिनाभर माझा सलाम घेतला नाही. माझ्याही मनातले सगळे प्रश्न सुटले, असं मी म्हणणार नाही. शास्त्रातल्या मला पाठ असलेल्या काही ओळी अजून पाठच आहेत. पण इन्व्हर्टर आता चांगला चालतो.

वर्धापनदिनाला नांदेडहून ते दोघं आले, चौथ्या बाकावर बसले. पाळकसाहेबांनी यादी वाचली. जुन्या पाळकसाहेबांचं नाव आलं तेव्हा मागून दोन-तीन बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग बऱ्याच जणांनी. माझ्या बायकोच्या टाळ्या मला वेगळ्या ओळखू आल्या.

उपासना सुटल्यावर दाराशी आमच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी आत्या उभी होती. तिला दिसतं कमी. काठी आपटत तिनं हाक मारली, "ओ पाळकसाहेब!"

दोघंही पाळक वळले.

"दोघं कामून वळता? पायरी लई उंच हाय. कुणीबी हात द्या."

दोघांनी दिला, एकेका बाजूनं. मी खाली जाऊन तिच्या चपला सरळ करून ठेवल्या.